पुढचा जेम्स बाँड कोण? कास्टिंगच्या खोलीतून एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमणाऱ्या तुम्हा मित्रांत जेम्स बाँडच्या पुढच्या नटावरून तट पडले आहेत. एकाला हेन्री कॅव्हिल हवा आहे, दुसऱ्याला ॲरन टेलर-जॉन्सन, तिसरा इद्रिस एल्बावर अडून बसला आहे, आणि सर्वांत धाकट्याचे म्हणणे असे की या वेळी भारतीय वंशाचा नट का असू नये. हिंदी आणि मराठी चित्रपटांसाठी व मालिकांसाठी नट निवडण्याचे काम मी मुंबईत बरीच वर्षे करते आहे, म्हणून यांपैकी कोणाचे खरे धरावे ते मी सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे.

कोणाचेही नाव हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण वाद भलत्या टोकाकडून सुरू झाला आहे. चाहते नावापासून सुरुवात करतात आणि निवड करणारी माणसे नावापाशी सर्वांत शेवटी पोचतात. पुढची दहा-बारा वर्षे नट आपल्या हाताशी राहील का, दिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे कोणत्या वयाचा माणूस आहे, आणि मागच्या नटापासून किती लांब जायचे आहे, याचा निकाल नावाच्या कितीतरी आधी लागलेला असतो. तो एकदा लागला की कट्ट्यावरची निम्म्याहून अधिक नावे कोणी न खोडताच गळतात.

आधी वर्षांचा हिशेब करू, कारण चाहत्यांच्या भांडणात तो सहसा कोणी काढत नाही. शॉन कॉनरीचा पहिला बाँडपट 1962 मध्ये आला आणि 1967 पर्यंत त्याचे पाच चित्रपट पडद्यावर आले, म्हणजे जवळपास वर्षाला एक. डॅनियल क्रेगचेही पाचच झाले, पण त्यांना 2006 ते 2021 अशी पंधरा वर्षे लागली, आणि शेवटच्या दोहोंमध्ये सहा वर्षांचे अंतर पडले. त्यातली दीडएक वर्षे कोरोनाने खाल्ली हे खरे, पण कोरोना नसता तरी एवढा मोठा चित्रपट आता तीन-चार वर्षांखाली उभा राहत नाही. तेव्हाच्या निर्मात्या बार्बरा ब्रॉकोली यांनी 2022 मध्ये नव्या नटाकडून दहा-बारा वर्षांची बांधिलकी लागेल असे सांगितले होते. आमच्या धंद्यातल्या कोणालाही त्यात अतिशयोक्ती वाटली नसेल.

नवा चित्रपट 2028 च्या सुमारास येईल असे निव्वळ हिशेबासाठी धरू. कॅव्हिलचा जन्म 1983 चा, म्हणजे पहिल्या चित्रपटात तो पंचेचाळिशीत असेल आणि तिसऱ्याला पन्नाशी ओलांडलेली असेल. रॉजर मूर पहिल्यांदा बाँड झाला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचाच होता, हे उदाहरण तुमचा मित्र नक्की देईल; पण मूरचे सात चित्रपट 1973 ते 1985 या बारा वर्षांत उरकले, आणि तरीही शेवटच्या चित्रपटात सत्तावन्न वर्षांच्या मूरऐवजी धावणारा-चढणारा माणूस दुसराच आहे हे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळते. कॅव्हिलच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. 2005 मध्ये त्याची याच भूमिकेसाठी चाचणी झाली होती. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि फारच कोवळा दिसतो म्हणून मागे पडला, असे दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनी पुढे स्वतःच सांगितले. तेव्हा तो लहान होता आणि आता थोराड झाला आहे. मधल्या ज्या काळात तो नेमका बसला असता, त्या काळात जागा रिकामी नव्हती. नटाच्या गुणांशी याचा काडीचा संबंध नाही, पण आमच्या कामात असे सतत होते. एल्बाचा जन्म 1972 चा. त्याच्यासाठी मी वेगळे गणित मांडत नाही.

आता मागच्या नटापासून किती लांब जायचे, याकडे वळते, कारण माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे आणि मराठी प्रेक्षकाला तो समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आपल्या रंगभूमीवर ‘रिप्लेसमेंट’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. ‘नटसम्राट’ 1970 मध्ये आले आणि अप्पा बेलवलकर म्हणजे श्रीराम लागू असे समीकरण झाले. तरीही पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तेच अप्पा उभे केले आणि लोकांनी तिकिटे काढून ते पाहिले. लागूंसारखे करून दाखवा, असे त्यांपैकी कोणाला सांगितले असते तर प्रयोग दहाच्या पुढे गेला नसता. संवाद तेच, हालचालींचा आराखडा बराचसा तोच, पण माणूस आतून वेगळा : ही अवघड जागा ज्याला साधते तो टिकतो. मालिकांमध्ये आम्ही याच्या नेमके उलटे करतो. जुनी नायिका सोडून गेली की वाहिनीचा निरोप येतो, ‘तिच्यासारखीच दिसणारी द्या’, आणि तशी मुलगी मिळाली की प्रेक्षक सहा महिने दोघींची तुलना करत बसतात.

बाँडच्या इतिहासात ही मालिकेची वाट एकदा चोखाळून झाली आहे. कॉनरी बाहेर पडल्यावर 1969 च्या चित्रपटासाठी जॉर्ज लॅझेन्बी निवडला गेला. तो ऑस्ट्रेलियाचा मॉडेल. जाहिरातींपलीकडे कॅमेऱ्यासमोरचा अनुभव नव्हता. त्याने कॉनरीच्या न्हाव्याकडून केस कापून घेतले, कॉनरीच्या शिंप्याने शिवलेला आणि न नेता राहिलेला सूट विकत घेतला आणि त्या थाटात निर्मात्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. चाचणीच्या मारामारीत त्याने समोरच्या स्टंटवाल्याच्या नाकावर खराच ठोसा लगावला आणि निर्माते त्यावरच खूश झाले. म्हणजे अंगकाठी, चाल, ठोसा सगळे जुळले. एवढे जुळूनही चित्रपटाच्या मोठ्या भागात, बाँड वेषांतर करून दुसऱ्या माणसाच्या नावाने वावरतो तिथे, त्याच्या तोंडी आवाज दुसऱ्याच नटाचा, जॉर्ज बेकरचा, घालावा लागला. तो चित्रपट चांगला आहे, आज जाणकार त्याला वरच्या पंक्तीत बसवतात, आणि लॅझेन्बीही त्यात वाईट नाही. पण कॉनरीच्या कपड्यांत आलेल्या माणसाला प्रेक्षक कॉनरीच्याच मापाने मोजणार, हे टळणारे नव्हते. सात चित्रपटांचा करार समोर असताना तो एका चित्रपटानंतर निघून गेला, कारण हिप्पींच्या जमान्यात असला सुटाबुटातला हेर चालणार नाही असे त्याच्या एजंटाने त्याला पटवले होते. असे सल्लागार आपल्या अंधेरीतही पुष्कळ सापडतात.

त्यानंतर ज्या निवडी जमल्या त्या सगळ्या विरुद्ध दिशेच्या आहेत. कॉनरीच्या रांगडेपणानंतर मूरची मिश्कील भुवई. मूरच्या थट्टामस्करीनंतर टिमथी डाल्टनचा चिडका, पुस्तकाच्या जवळ जाणारा बाँड. त्यानंतर पियर्स ब्रॉस्ननचा गुळगुळीतपणा. आणि त्यावर उतारा म्हणून क्रेग. क्रेगच्या वेळचा गोंधळ तुमच्यापैकी मोठ्या मंडळींना आठवत असेल. 14 ऑक्टोबर 2005 रोजी लंडनमध्ये थेम्स नदीतून त्याला नौदलाच्या वेगवान होडीतून आणले, अंगात जीवरक्षक जाकीट होते, आणि केस सोनेरी, उंची आधीच्यांपेक्षा कमी, त्यात जाकीटही घालतो म्हणून वर्तमानपत्रांनी आणि चाहत्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. बहिष्काराची मोहीमसुद्धा निघाली. पैजा घेणाऱ्यांचा आवडता क्लाइव्ह ओवेन होता, आणि तो खरोखर ‘बाँडसारखा’ दिसत होता. पुढच्या वर्षी चित्रपट आला, जगभरात सुमारे साठ कोटी डॉलर कमावून गेला आणि केसांचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

चाहत्यांचा पसंतीक्रम का चुकतो, ते यातून समजते. प्रेक्षक मागच्या बाँडचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून त्यात बसणारा चेहरा शोधतात. ते स्वाभाविकच आहे, कारण त्यांच्यापाशी दुसरे चित्र नसते. कॉनरीच्या वेळी खुद्द लेखक इयन फ्लेमिंगचेही तसेच झाले होते. एडिंबरोच्या कामगारवस्तीतला, दूध पोचवण्यापासून पडेल ते काम केलेला, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला हा गडी आपल्या उच्चभ्रू नायकाला शोभेल का, याची फ्लेमिंगला शंका होती. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी कॉनरीला आपल्या शिंप्याकडे नेले, सूट घालून वावरायला आणि चार लोकांत जेवायला शिकवले. चित्रपट पाहिल्यावर फ्लेमिंगचे मत असे फिरले की 1964 च्या कादंबरीत त्याने बाँडचा बाप स्कॉटिश करून टाकला.

आता चाचणीविषयी, कारण आपण ‘ऑडिशनमध्ये नेमके काय बघतात’ असेही विचारले आहे. बाँडच्या उमेदवारांसाठी वर्षानुवर्षे एकच प्रसंग वापरात राहिला, 1963 च्या दुसऱ्या चित्रपटातला. इस्तंबूलच्या हॉटेलात बाँड अंघोळीच्या तयारीत आहे, फक्त टॉवेल गुंडाळलेला. शेजारच्या खोलीत कोणीतरी आल्याची चाहूल लागते. तो पिस्तूल घेऊन दबकत आत येतो आणि पाहतो तो पलंगावर एक रशियन तरुणी, गळ्यात काळी फीत बांधून, पांघरूण घेऊन पडलेली. मग ओळखपाळख, थट्टा, जवळीक. हा प्रसंग निवडणाऱ्याला मी दाद देते. वरवर पाहता तो शृंगाराचा प्रसंग आहे, पण चार-पाच मिनिटांत नटाला आधी जनावरासारखे सावध व्हावे लागते, मग ती सावधगिरी हसत हसत खाली ठेवावी लागते, मग बाईवर भाळावे लागते, आणि या सगळ्याच्या तळाशी ‘हिला कोणी पाठवले?’ हा संशय जागा ठेवावा लागतो. अंगावर कपडेही नाहीत, म्हणजे सुटाचा आधार गेला.

आराम नगरमधल्या आमच्या छोट्या खोल्यांमध्येही मी हाच प्रकार वेगळ्या रूपात करून घेते. नट येतो, कॅमेऱ्यात नाव, वय, उंची सांगतो, डावी-उजवी बाजू दाखवतो. तोपर्यंत काहीच कळत नाही. हेराची किंवा पोलिसाची भूमिका असली की दहांतले आठ जण पिस्तूल अभिनयाने भरून टाकतात : जबडा आवळलेला, डोळे बारीक, श्वास रोखलेला. माझे लक्ष पिस्तूल खाली येते त्या क्षणाकडे असते. कच्चा नट ते ‘संवाद आला’ म्हणून खाली करतो. चांगल्या नटाचा हात आधी सैल पडतो, नजर मात्र समोरच्याच्या हातांवर टिकून राहते आणि वाक्य त्यानंतर येते. दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणे. क्यू देणारा आमचा साहाय्यक सपाट आवाजात वाक्ये वाचत असतो. त्या सपाट वाचनाला उत्तर देतानाही ज्याच्या चेहऱ्यावर काहीतरी घडते, त्याला मी थांबवून पुन्हा एकदा करायला सांगते. उंची, केस, डोळ्यांचा रंग हे सगळे लुक टेस्टला ठरवता येते. केसांचे काय घेऊन बसलात, कॉनरीने तर पहिल्या चित्रपटापासून टोप वापरला होता.

यानंतर येतात डेट्स, म्हणजे नटाच्या मोकळ्या तारखा, आणि इथे भल्याभल्यांचे नशीब फिरते. ब्रॉस्नन 1986 मध्येच बाँड व्हायचा होता. त्याची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका बंद झाली होती. त्याच्या नावाची चर्चा सुरू होताच वाहिनीने करारातल्या मुदतीच्या अगदी शेवटी मालिका पुन्हा चालू केली, आणि दर आठवड्याला घरबसल्या दिसणारा माणूस बाँड म्हणून नको, या भूमिकेवर निर्माते ठाम राहिले. भूमिका डाल्टनकडे गेली. त्याचे दोन चित्रपट झाले, मग कोर्टकज्ज्यांत सहा वर्षे गेली. पुन्हा सुरुवात करताना डाल्टन एका चित्रपटाला तयार होता, तर निर्मात्यांना चार-पाच हवे होते. त्यामुळे 1995 मध्ये ब्रॉस्नन परत आला.

आताची परिस्थिती पाहा. ॲमेझॉनने बाँडपटांत भागीदार असलेली एमजीएम कंपनी 8.45 अब्ज डॉलरला घेतली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रॉकोली कुटुंबाने सर्जनशील निर्णयांचा ताबाही त्यांच्याकडे सोपवला. एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते, डेनी व्हिलनव्ह हे दिग्दर्शक आणि स्टीव्हन नाइट हे लेखक म्हणून जाहीर झाले. या नावांतून मला जे दिसते ते असे. हेमन यांनी हॅरी पॉटरचे आठही चित्रपट केले, म्हणजे एकाच नटाला दहा वर्षे सांभाळून नेण्याची सवय असलेला निर्माता इथे बसला आहे; असा माणूस तरुण नट घ्यायला कचरत नाही. पास्कल यांचे 2014 मध्ये फुटलेले एक ईमेल एल्बाचे चाहते अजून जपून ठेवतात, त्यात त्यांनी पुढचा बाँड इद्रिसच असावा असे लिहिले होते. पण ते फुटले तेव्हा एल्बा बेचाळीस वर्षांचा होता, आणि त्या वेळी जागा भरलेली होती. व्हिलनव्ह यांचे चित्रपट आपण पाहिले असतील, तर त्यांच्या नायकांना बोलण्यापेक्षा बघण्याचे काम जास्त असते हे लक्षात आले असेल : लांब शॉट, कमी संवाद, चेहऱ्यावर बराच वेळ थांबलेला कॅमेरा. चटपटीत वाक्यफेकीवर जगणारा नट त्यांच्या चौकटीत उघडा पडेल.

शिवाय मागच्या चित्रपटाच्या अखेरीस बाँड मेला आहे. म्हणजे जुना धागा पुढे न्यायचा नसून माणूस नव्याने उभा करायचा आहे, आणि तसे करताना लेखक बहुधा वय खाली आणतो. माझा अंदाज पहिल्या चित्रपटात तीस ते अडतीस या पट्ट्यातल्या नटाचा आहे. या पट्ट्यात टेलर-जॉन्सन कडेवर बसतो (जन्म 1990), आणि तुमच्या चौघांच्या यादीत सर्वांत व्यवहार्य नाव त्याचेच आहे, हे मी मान्य करते. मात्र गेली काही वर्षे त्याचे नाव इतक्या वेळा ‘पक्के’ झाले आहे की त्या बातम्यांना मी किंमत देत नाही. टॉम हॉलंड वयाने बसतो, पण 2016 पासून जगाने त्याला दुसऱ्या एका प्रचंड चित्रपटमालिकेचा पोरगेला नायक, स्पायडर-मॅन, म्हणून पाहिले आहे. आजवरच्या सहा जणांपैकी एकही जण निवडीच्या वेळी जगभरच्या पोस्टरांवर झळकणारा तारा नव्हता. मूर आणि ब्रॉस्नन फार तर दूरचित्रवाणीवर लोकप्रिय होते. नटाची आधीची ओळख जेवढी मोठी, तेवढा प्रेक्षक बाँडला उशिरा भेटतो. म्हणून हॅरिस डिकिन्सनसारखा, 1996 मध्ये जन्मलेला, उंच, महोत्सवांत गाजलेल्या चित्रपटांतून पुढे आलेला आणि घरोघरी अजून न पोचलेला नट मला या संचाशी अधिक जुळणारा वाटतो. त्याच्या चेहऱ्यावर एक किंचित मठ्ठपणाचा पडदा आहे, मागे काय चालले आहे ते कळू न देणारा. हेराला तो फार उपयोगी पडतो.

राहिला धाकट्या मित्राचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. ब्रॉकोली यांनी 2020 मध्येच सांगून ठेवले होते की बाँड कोणत्याही वर्णाचा असू शकतो, तो पुरुष मात्र राहील. मालक बदलले असले तरी त्यापासून मागे फिरणे आता कोणालाही अवघड जाईल. हिंदीतल्या आपल्या ताऱ्यांची नावे मात्र या चर्चेतून वगळावी लागतील. हा ब्रिटिश सरकारी नोकर आहे, त्याचे इंग्रजी तिथल्या मातीतलेच हवे, आणि लॅझेन्बीला परक्या आवाजाचा आधार द्यावा लागला हे वर आलेच आहे. भारताचा वाटा आजवर खलनायकाच्या उजव्या हाताचा किंवा बाँडच्या मदतनिसाचा राहिला आहे : उदयपूरला चित्रीकरण झालेल्या 1983 च्या चित्रपटात कबीर बेदी बाँडच्या मागे लागला होता आणि टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचा साथीदार होता. पण देव पटेल लंडनमध्ये जन्मलेला आणि तिथेच वाढलेला गुजराती कुटुंबातला मुलगा आहे. त्याचा जन्म 1990 चा, म्हणजे टेलर-जॉन्सनच्याच वयाचा, उंची भरपूर, 2024 मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात मारामारी किती झेपते ते दाखवले आहे, आणि त्याआधी 2021 मध्ये एका मध्ययुगीन सरदाराच्या भूमिकेत लांबलचक, जवळजवळ मूक दृश्ये त्याने एकट्याने पेलली आहेत. व्हिलनव्ह यांच्या कॅमेऱ्यासाठी ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. त्याची प्रतिमा हळव्या, सालस मुलाची आहे ही अडचण खरी, आणि चाचणीत नेमके तेच तपासावे लागेल : पिस्तूल खाली आल्यावरही हा माणूस धोकादायक वाटतो का.

माझ्या टेबलावर ही फाईल असती तर मी डिकिन्सनला आणि पटेलला एकाच दिवशी, तोच इस्तंबूलचा प्रसंग देऊन बोलावले असते, आणि तिसरी खुर्ची लंडनच्या रंगभूमीवरच्या अशा एखाद्या नटासाठी ठेवली असती ज्याचे नाव तुमच्या कट्ट्यावर अजून कोणी घेतलेले नाही. पैज लावायचीच झाली तर त्या तिसऱ्या खुर्चीवर लावा. आणि चौघांपैकीच एक नाव घ्यायचे असेल, तर मी धाकट्याच्या बाजूने आहे असे त्याला कळवा.